उघडी पाठ

"रवळ्या, पाणी दी मरे," मी दुसऱ्यांदा म्हणालो, तरी मागून तांब्या पुढे येईना.

मी ओणवा होऊन देवाच्या पाषाणावरचं आदल्या दिवसाचं गंध धूत होतो. आमचा गाभारा एवढा अरुंद की दोन माणसं आत असली की तिसऱ्यानं उंबऱ्याबाहेर थांबायचं. वळून पाहिलं तर रवळू, माझा चुलतभाऊ, तांब्या छातीशी धरून माझ्या पाठीकडे बघत उभा होता.

"लवू, तुझ्या पाठीर ह्या काय रे?"

"काय?"

"पांढरा."

"गंध लागला आसात."

"गंध नाय," तो म्हणाला. त्यानं बोट पुढे केलं, पण पाठीला लावलं नाही. "मानेपासून खाली कमरेपर्यंत आसा."

लहानपणापासून आम्ही एका ताटात जेवलो, एका तळीत पोहलो. आज त्यानं बोट मागे घेतलं. पुढची पूजा मी कशी केली ते मला आठवत नाही. घंटा दोनदा वाजवली एवढं आठवतं, कारण बाहेर बसलेली म्हातारी हसली होती.

ही गोष्ट पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वीची. आम्ही गुरव. गावच्या रवळनाथाची पूजा आमच्या दोन घरांत वाटलेली, एक वर्ष आमच्याकडे, एक वर्ष रवळूच्या घराकडे. त्या वर्षी पाळी माझी होती आणि जत्रा दहा दिवसांवर आलेली. गाभाऱ्यात शिरायचं ते कमरेला पंचा आणि वर उघड्या अंगानं, ही आमच्या देवळाची रीत. सदरा चालत नाही, उपरणंही चालत नाही. त्यामुळे माझी पाठ ही काही माझी खाजगी बाब नव्हती. साऱ्या गावानं ती रोज सकाळी पाहायची आणि मी मात्र कधीच नाही.

घरी आलो आणि बायकोला म्हटलं, "शालन, आरसो आण."

भिंतीवरचा मोठा आरसा तिनं माझ्या पाठीमागे धरला आणि दाढीचा लहान आरसा माझ्या हातात दिला. बराच वेळ मला कधी दार दिसे, कधी शालनचं नाक. मग एकदाचं दिसलं. काळ्या पाठीवर पांढरट ठिपके, जमिनीवर तांदूळ सांडावेत तसे. काही एकमेकांना चिकटून मोठे झालेले.

"कदीपासून आसत?"

"माका काय ठाऊक?" शालन म्हणाली. "तुमी पाठ करून निजतास तेवा काळोख आसता."

"खाजता थोडा."

"मगे सांगाक नको?"

तिनं खोबरेल तेल आणलं आणि पाठ रगडून काढली. सकाळी रगडली, संध्याकाळी रगडली. तीन दिवसांत ठिपके वाढले. मला बसवेना, उठवेना. जेवताना मधेच उठून आरशाकडे जायचो. शालननं शेवटी आरसा कपाटावर ठेवला, तर मी स्टूल घेऊन चढलो.

आमच्या गावात कोड हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. 'तसला' म्हणतात. अमक्याच्या बायकोला तसला आसा. गावात तसं एकच माणूस होतं, परबांची प्रमिला. चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी, मनगटावर आणि ओठांच्या कडेला पांढरं. आमच्या जत्रेत बायका हातात दिवे घेऊन देवळाभोवती फिरतात आणि पहिला दिवा परबांच्या घरातल्या मुलीनं उचलायचा, हा त्यांचा मान. तीन वर्षांपूर्वी प्रमिलाला डाग दिसू लागले तेव्हा गावानं देवाला कौल लावला होता, हिनं दिवा उचलावा की नाही. कौल डावा पडला. तेव्हापासून दिवा तिची वहिनी उचलायची आणि प्रमिला देवळाची पायरी चढली नव्हती.

कौल म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे फुलाचे दोन कळे पाण्यानं चिकटवायचे. देवापुढे गाऱ्हाणं घालून, म्हणजे मागणं म्हणून, प्रश्न मांडायचा. उजवा कळा आधी पडला तर देव होय म्हणाला, डावा पडला तर नाही. कळे लावायचे गुरवानं; पाळी कोणाचीही असो, ते बहुतेक मीच लावायचो. गावात लग्न जमतं का, विहीर कुठे खणायची, मुलगा मुंबईला पाठवायचा का, सगळं त्या दोन कळ्यांवर. माझी बोटं त्या कामात वाकबगार होती.

चौथ्या दिवशी मी उपरणं पांघरून पूजेला गेलो. गावकर आबा आधीच सभामंडपात बसलेले होते. गावचा पहिला मान त्यांचा. आवाज कधी चढवत नसत, त्यामुळे लोक त्यांना जास्त भीत.

"लवू, थंडी वाजता?" त्यांनी विचारलं.

"नाय आबानू."

"मगे ता काढ."

मी उपरणं काढलं. ते माझ्यामागे आले, पाहिलं, परत जाऊन बसले.

"कायच नाय ता, आबानू. घामाचा आसात."

"आसात. माका काय कळता त्यातला?" आबा म्हणाले. "पण जत्रेक चार गावांची माणसा येतली. देवाक हात लावणाऱ्याच्या अंगार तसला दिसला तर माणसा बोलतली. आपण देवाकच इचारूया. सोमवारी कौल लावूया."

"माझ्यासाठी?"

"देवान होय म्हटल्यान तर तू कर जत्रा. नाय म्हटल्यान तर रवळू करीत. पाळीपण मगे तेच्याचकडे ऱ्हवात, कायमची."

"कौल कोण लायतलो?"

"तुझोच सवाल. तू कसो लायशीत? रवळू लायत."

रवळू खांबाला टेकून उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी येताना मी रवळूचाच विचार करत होतो. रवळू वाईट माणूस नव्हता. पण त्याला तीन मुलगे होते, आणि देवळातला हक्क कायमचा घरी यायचा म्हणजे काय हे त्याला कळत होतं. आणि मला कळत होतं की दोन कळ्यांत बोटांना किती वाव असतो. कळ्याला पाणी भरपूर लावलं तर तो पाषाणाला धरून राहतो. नुसतं ओलं बोट फिरवून टेकवला तर गाऱ्हाणं संपायच्या आत सुटतो. हे रवळूला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि जगात तिसऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. घरातला मोठा माणूस हे धाकट्याला शिकवतो आणि शिकवताना सांगतो, असं कधी करायचं नाही.

शनिवारी सकाळची पूजा उरकून मी कोणाला न सांगता कुडाळची एसटी पकडली. तिथे कातडीचा एक डॉक्टर आल्याचं ऐकलं होतं. दवाखान्यात बाकावर जाऊन बसलो आणि सदऱ्याचं वरचं बटण लावून घेतलं, जशी काही पाठ गळ्यातून दिसणार होती.

"लवूदादा?"

समोरच्या बाकावर प्रमिला. मांडीवर कागदांची फुगलेली फाईल.

"तू हय?" मी म्हणालो. म्हणजे दुसरीकडे कुठे असणार होती.

"मी दर म्हयन्याक येतंय. तुमी कोणासाठी?"

खोटं बोलायचं मनात होतं, पण मान आपोआप खाली गेली. ती जरा पुढे सरकून हळू आवाजात म्हणाली, "गावात बोलतत ता खरा?"

"पाठीर आसा."

"दुखता?"

"दुखत नाय. निजाक देयना नाय फकत."

"पयल्या वर्साक तसाच होता," ती म्हणाली. "मी रात-दीस हात बघीत बसायचंय. मगे बघूचा सोडलंय." तिनं फाईलची दोरी सोडली, पुन्हा बांधली. "एक सांगू? रागवा नकात. तुमचा ऐकलंय तेवा माका बरा वाटला. दुसऱ्याचा वायट झाला म्हणान नाय. गावात आता मी एकटीच नाय, म्हणान. माका मगे माझीच लाज वाटली."

तिच्याशी मी तीन वर्षांत एक शब्द बोललो नव्हतो. वाटेत समोरून आली तर मी काजूच्या बागेतल्या वाटेनं वळायचो.

तेवढ्यात आतून मला हाक आली. डॉक्टर तरुण होता, घाटावरचा. त्यानं सदरा काढायला लावला, खिडकीशी उभं केलं आणि नखानं एक ठिपका खरवडला.

"हे बघा." त्यानं बोट माझ्यापुढे धरलं. नखावर पिठासारखी भुकटी होती. "कोंडा निघतोय. हे शिबं आहे. घामानं होतं, तेल लावलं की वाढतं. तेल लावता काय?"

"दिवसातून दोनदा."

"मग आता पुरे करा." तो हसला. "एक औषध देतो, अंघोळीआधी लावायचं. बुरशी महिन्याभरात जाईल. डाग जायला तीन-चार महिने लागतील, त्याची काळजी करू नका."

"कोड नाय?"

"कोड असतं तर असा कोंडा निघाला नसता. आणि असतं तरी काय? ते काही कुणाला लागत नाही."

शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण तेव्हा ते आत उतरलं नाही. मला नाचावंसं वाटत होतं. बाहेर आलो तर प्रमिला उठून उभी होती, तिचा नंबर लागला होता.

"डॉक्टर काय म्हणालो?"

"शिबा," मी म्हणालो. "नुसता शिबा. म्हयन्यात जातला." आणि मला हसू आवरेना.

तिच्या चेहऱ्यावर काही हललं. मग ती म्हणाली, "बरा झाला हां," आणि आत गेली. मी तिच्यासाठी थांबलो नाही. परतीची एसटी एकच होती, तरी मी स्टॅण्डवर पुढच्या दाराशी उभा राहिलो आणि ती मागच्या दारानं चढली.

सोमवारी देऊळ भरलं होतं. मी उघडा उभा राहिलो तशी माणसं थोडी मागे सरली. रवळू अंघोळ करून ओल्या पंच्यात गाभाऱ्यात उभा होता, हातात दोन कळे. आबांनी मान हलवली.

"आबानू, कौलाच्या आदी एक बघा," मी म्हणालो. डॉक्टरची चिठ्ठी दाखवली, ती त्यांनी चष्म्याशिवाय उलटसुलट केली. "चिठ्ठी जावंदे. तुमी नखान खरवडा."

"मी?"

"तुमी."

आबा क्षणभर थांबले. मग माझ्या खांद्याखाली त्यांचं नख फिरलं. त्यांनी बोट उजेडात नेलं, फुंकर मारली.

"कोंडो," ते म्हणाले. आणि मग मोठ्यानं, "शिबा ता! माझ्या बापाशीकपण होता शिबा."

सगळं देऊळ सैल पडलं. कोणी म्हणालं, मी आधीच सांगत होतो. दोघांतिघांनी येऊन खरवडून पाहिलं. सहा दिवस ज्या पाठीला गावात कुणी हात लावत नव्हतं तिच्यावर आता थापा पडू लागल्या. रवळूनं कळे परडीत टाकले आणि हसला, कष्टानं का होईना. "आता कौल कित्याक व्हयो?" आबा म्हणाले. "लवू, तूच घाल गाऱ्हाणा."

मी गाऱ्हाणं घालायला हात जोडले आणि समोर नजर गेली. पायरीच्या खाली, बायकांच्या मागे, प्रमिला उभी होती. तीन वर्षांत पहिल्यांदा ती देवळाकडे आली होती. सगळे माझ्याकडे बघत होते म्हणून तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तिनं पदराआड आपलं मनगट धरलं होतं आणि नखानं ती ते खरवडत होती. हळू, मग जोरात. मग नख डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"बा देवा म्हाराजा," मी सुरुवात केली. "व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. शब्द पाठ होते म्हणून आले, नजर मात्र तिच्या नखावर होती.

माणसं पांगल्यावर मी सदरा न घालताच पायरी उतरलो. ती तुळशीवृंदावनाकडे पोचली होती.

"प्रमिल."

ती थांबली.

"तुझ्या येळेक..." मी म्हणालो आणि अडकलो. "तुझो कौल मी लायललंय."

"ठाऊक आसा."

"तो देवान पाडूक नाय. डाव्या कळ्याक मी पाणीच लावूक नाय. आदल्या दिवशी आबा घराकडे इल्ले. बोलले कायच नाय, नुसते म्हणाले, लोकांका बरा वाटात असा व्हऊंदे. माका समाजला. मी तुझ्याबद्दल क्षणभर इचारपण केलंय नाय."

मला वाटलं होतं ती रडेल, ओरडेल. ती माझ्या हातांकडे बघत राहिली.

"ताय ठाऊक आसा," ती म्हणाली. "मी पुढेच हुबी होतंय त्या दिवशी. उजव्या कळ्याक पाणी गळत होता, डावो सुको. माका दिसला."

"मगे बोललंस कशी नाय?"

"कोण ऐकतलो होतो? माझा?" ती म्हणाली. "आज मी कित्याक इलंय ठाऊक आसा? माका वाटला, शिबा आसला तरी ह्येंच्या अंगार इला, आता ह्ये सांगतले. सगळ्यांच्या समोर. तुमी शिबा दाखवलात आनि सुटलात." तिनं पदर सारखा केला. "आता हय एकट्या माका सांगान काय होतला, लवूदादा? माका ह्या आधीच ठाऊक होता."

ती निघून गेली. मी तिथे उघडा उभा राहिलो. पाठ खाजत होती आणि खाजवायला हात उठत नव्हता.

जत्रेला चार दिवस होते. ते चार दिवस मी घरात एका जागी बसलो नाही. शालन म्हणायची, "आता काय झाला? शिबाच आसा मा?" मी तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडायची थांबली. मग म्हणाली, "पोरांका काय खाऊक घालतलास?" मी म्हटलं, शेत आहे. ती म्हणाली, "शेत आसा," आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. होय म्हणाली नाही, नको पण म्हणाली नाही.

जत्रेच्या दिवशी चार गावची माणसं जमली. संध्याकाळी दिव्यांची वेळ झाली, बायका रांगेत उभ्या राहिल्या, परबांची सून पहिला दिवा घेऊन पुढे आली. तो मी पेटवून द्यायचा. काडी माझ्या हातात होती. प्रमिला पायरीखाली नव्हती. दूर, दशावताराच्या मांडवाच्या खांबाशी उभी होती.

"ह्यो मान प्रमिलाचो," मी म्हणालो. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "तीन वर्सापूर्वी कौल डावो पडललो तो देवान पाडूक नाय. मी पाडलंय. कळ्याक पाणी न लायता. देवाची शपथ घेऊन सांगतंय."

ढोल वाजत होता तो थांबला. आबांचा चेहरा मी पाहिला. त्यांना वाटलं असणार की पुढचं नाव त्यांचं येईल. मी ते घेतलं नाही. आजही मला ठरवता आलेलं नाही की तो माझा मोठेपणा होता की उरलासुरला भित्रेपणा. बोटं माझी होती, एवढं खरं.

पहिली हलली ती परबांची सून. दिवा घेऊन ती रांगेतून बाहेर पडली, मांडवापर्यंत चालत गेली आणि नणंदेच्या हातात दिवा दिला. प्रमिला जागची हलेना. "चल गो," वहिनी म्हणाली आणि तिच्या पाठीला हात लावला. ती आली. माणसांनी वाट दिली, काहींनी जरा जास्तच दिली. तिनं पायरी चढून दिवा माझ्यासमोर धरला आणि मी तो पेटवला.

प्रदक्षिणा पुरी झाली तेव्हा आबा माझ्याजवळ आले. आवाज नेहमीसारखाच हळू.

"ज्या हातान खोटो कौल लायलो, तो हात देवाक लावूचो नाय," ते म्हणाले.

"व्हय आबानू," मी म्हणालो. त्यांचं चुकलं असं मला कधी वाटलं नाही. फक्त हे त्यांनीच म्हणावं, याचं तेवढं हसू आलं.

दुसऱ्या दिवशी देवळाची चावी रवळूकडे गेली. प्रमिलानं पुढची सहा वर्षं दिवा उचलला, मग ती कुडाळला नोकरीला लागली. तिचे डाग कोपरापर्यंत चढले. ती ते झाकत नाही. बाजारात भेटली तर थांबते, शालनची चौकशी करते. मला माफ केलं असं तिनं कधी म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही.

डॉक्टरचं औषध शालननं नेमानं लावलं. शिमग्यापर्यंत पाठ अगदी स्वच्छ झाली, एक ठिपका राहिला नाही. तिनं कपाटावरचा आरसा काढून मला मुद्दाम पाठ दाखवली. मी पाहिली आणि सदरा घातला. उघड्या अंगानं देवासमोर उभं राहायची पाळी पुन्हा माझ्याकडे आली नाही.